दुकानदार काय ऐकवतो? एल सेरिटोच्या एका रेकॉर्ड शॉपची गोष्ट

(हे आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे ना' आणि 'बेसिकली' जमतील तेवढे गाळलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. ज्यांचा आजचा डेटा संपलाय त्यांनी वाचा, बाकीच्यांनी ऐका.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज शेवटी गृहपाठ आहे आणि तो मोबाइलच्या स्पीकरवर होणारा नाही.

एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं, की दादा, सगळं म्युझिक फोनमध्ये आहे, मग रेकॉर्ड शॉपचं एवढं कौतुक कशाला? नुसता नॉस्टॅल्जियाच ना? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः रोज अ‍ॅपवरच ऐकतो. माझ्या घरात टर्नटेबल नाही आणि घेण्याचा विचारही नाही. भाड्याच्या वन बीएचकेत आधी कपाटाला जागा करायची की तबकड्यांना? तेव्हा तबकडीचा आवाज कसा 'ऊबदार' असतो वगैरे आज मी काही बोलणार नाही. ते बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा महाग स्पीकर आहेत.

मला बोलायचंय ते एका दुकानाबद्दल आणि ते उघडणाऱ्या माणसाबद्दल. कारण आज तुम्ही फोनवर जी बरीचशी लोकगाणी 'सहज' ऐकता, ती तिथपर्यंत आली त्यामागे अशी पाच-दहा हट्टी माणसं आहेत. त्यातला हा एक.

दुकानाचं नाव डाउन होम म्युझिक. ठिकाण एल सेरिटो, कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कलीच्या उत्तरेला हे छोटं शहर आहे. आपली मराठी मंडळी खाडीच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँट-सनीव्हेलकडे जास्त. बे एरियात राहणारे श्रोते असाल तर बार्टने एल सेरिटो प्लाझा स्टेशनला उतरायचं आणि सॅन पाब्लो अ‍ॅव्हेन्यूवर थोडं चालायचं. १९७६ मध्ये हे दुकान उघडलं. मोठ्या साखळी दुकानांत जे मिळायचं नाही ते इथे मिळायचं. ब्लूज, केजन, झायडेको, टेक्सास-मेक्सिको सीमेवरचं नॉर्तेन्यो, जुनं कंट्री, ग्रीक रेबेटिका, पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझमर. यातले निम्मे शब्द तुम्हाला नवीन असतील तर हरकत नाही, तिथे शिरणाऱ्या बऱ्याच लोकांनाही ते नवीनच असायचे. दुकानाचा मुद्दाच तो होता.

मालकाचं नाव ख्रिस स्ट्रॅकविट्झ. जन्म १९३१ चा, जर्मनीच्या सायलेशिया भागातला, जो आता पोलंडमध्ये आहे. घराणं सरदार-जमीनदारांचं. १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या आणि सगळं सोडून कुटुंब पळालं. १९४७ मध्ये हे लोक अमेरिकेत पोचले. सोळा वर्षांचा मुलगा, इंग्रजी यथातथाच, आणि त्याला रेडिओ सापडला. मेक्सिकोच्या सीमेपलीकडून प्रक्षेपण करणारी दणकट स्टेशनं होती त्या काळी, त्यांच्यावर खेडवळ कंट्री गाणी लागायची, कुठे ब्लूज लागायचे. शाळेतल्या पोरांना ते गावंढळ वाटायचं. याला मात्र त्याचं वेड लागलं. मला यात एक गोष्ट फार आवडते, की ज्याचं स्वतःचं गाव नकाशावर देश बदलून बसलं, तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावची गाणी गोळा करत हिंडला. आता यात मानसशास्त्र शोधायचं असेल तर शोधा, मी नाही शोधत.

पुढे तो बर्कलीला शिकला, लॉस गॅटोसच्या हायस्कूलमध्ये जर्मन आणि समाजशास्त्र शिकवायला लागला. मास्तरकी चालू आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टेक्सास. कारण काय, तर लाइटनिन हॉपकिन्स नावाचा ब्लूजवाला ह्यूस्टनला राहतो एवढं कळलं होतं. १९५९ मध्ये जाऊन ऐकलं. छोट्याशा बारमध्ये बसून हा गायक त्या दिवशी पाऊस पडला, रस्ता तुंबला, कुणी काय बोललं, यावर जागच्या जागी गाणं रचतोय. शाहीर जसे समोरच्या मंडळींकडे बघून कडवं जोडतात ना, तसं. आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या तबकड्यांवर यातलं काहीच नाही. मग याने ठरवलं की आपणच रेकॉर्ड करायचं.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, संशोधक मॅक मॅककॉर्मिकबरोबर तो नॅव्हासोटा नावाच्या गावी पोचला. तिथे मॅन्स लिप्सकोम नावाचा पासष्टीचा माणूस भेटला. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती केलेला. शनिवारी रात्री लोकांच्या घरी नाचाला गाणारा. तोवर एकही रेकॉर्ड नाही! त्याच्या घरीच टेप रेकॉर्डर लावला आणि गाणी टिपली. त्याच वर्षाअखेर आरहूली रेकॉर्ड्स या नव्या कंपनीची पहिली एलपी निघाली. प्रती किती? २५०. कव्हरं हाताने चिकटवलेली. आज आपल्या एखाद्या मित्राच्या रीलला अर्ध्या तासात याहून जास्त व्ह्यूज येतात.

'आरहूली' हे नाव मॅककॉर्मिकने सुचवलं. शेतात काम करताना मजूर जी लांब हाळी घालतात, त्यावरून. आपल्याकडे मोटेवरची गाणी होती, भलरी होती, त्याच जातकुळीतलं.

आता तुम्ही म्हणाल, अडीचशे प्रतींच्या धंद्यातून माणूस इमारत कशी विकत घेतो? कारण एल सेरिटोची ती इमारत त्याच्या मालकीची होती. तर ही गोष्ट ऐका. १९६५ मध्ये बर्कलीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वातावरण तापलं होतं. काही पोरं याच्या घरी आली, म्हणाली आमचं एक गाणं टेप करून दे, मोर्च्याच्या वेळी विकायचंय. कंट्री जो मॅकडॉनल्ड आणि त्याची मंडळी. याने बैठकीच्या खोलीत माइक टांगला आणि रेकॉर्ड केलं. पैसे किती झाले, असं त्यांनी विचारलं तेव्हा हा म्हणाला, पैसे नकोत, गाण्याचे प्रकाशन हक्क माझ्याकडे राहू दे. मग १९६९ मध्ये वुडस्टॉकला जो मॅकडॉनल्डने तेच गाणं लाखोंच्या गर्दीसमोर गायलं, १९७० मध्ये वुडस्टॉकचा सिनेमा आला, त्याच्या तबकड्या धो धो खपल्या. रॉयल्टी यायला लागली आणि त्यातून या इमारतीचा पहिला हप्ता भरला. युद्धविरोधी गाण्याच्या पैशावर लोकसंगीताचं दुकान उभं राहिलं.

प्रकाशन हक्क हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आधी दुकानाच्या जागेबद्दल थोडं, कारण ती जागा योगायोगाची नव्हती असं मला वाटतं. एल सेरिटोला लागूनच रिचमंड शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे जहाजं बांधायचे प्रचंड कारखाने निघाले आणि कामासाठी देशभरातून माणसं आली. त्यात लुइझियानातले फ्रेंच बोलणारे काळे, क्रिओल लोकही होते. येताना गाणी घेऊन आले. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी नाच व्हायचे. आपल्या गिरणगावाचंच चित्र आहे हे! कोकणातला चाकरमानी लालबाग-परळला आला तेव्हा खोलीत माणसं दाटीवाटीने राहायची, पण भजनाची मंडळं होती, शक्ती-तुरा होता, दशावतारी होती. गावापेक्षा जोरात.

तर या नाचांना वाजवायला यायचा क्लिफ्टन शेनिये. झायडेकोचा राजा म्हणायचे त्याला, मुकुट घालून बसायचा स्टेजवर. मोठ्या पियानो अकॉर्डियनवर ब्लूज आणि फ्रेंच नाचाची गाणी. शेजारी त्याचा भाऊ क्लीव्हलंड, छातीवर पत्र्याचं नालीदार जाकीट अडकवून, बाटल्या उघडायच्या ओपनरांनी ते खरवडतोय. होय, वाद्य आहे ते. रिचमंडच्या सेंट मार्क्स चर्चमधल्या अशाच एका नाचाची एलपी आरहूलीने काढली. ती ऐकताना समोर नाचणारी माणसं ऐकू येतात.

थोडं विषयांतर करतो. अकॉर्डियन आणि आपली पेटी ही चुलत भावंडं आहेत. दोन्हींत भाता, दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे सूर. एकोणिसाव्या शतकात हे तंत्र युरोपातून निघालं आणि जगभर पसरलं. आपल्याकडे त्याची पेटी झाली, जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी, आणि कीर्तनात, नाटकात, तमाशात जाऊन बसली. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांनी बटणांचं अकॉर्डियन आणलं, पोल्का आणला. मेक्सिकन शेतमजुरांनी ते उचललं, सोबत बारा तारांचं बाहो सेक्स्तो जोडलं आणि नॉर्तेन्यो तयार झालं. म्हणून फ्लाको हिमेनेझचं अकॉर्डियन पहिल्यांदा ऐकताना मला ते परकं वाटलंच नाही. पेटीवाल्या काकांनी कॉफी जास्त घेतली असती तर असंच वाजवलं असतं.

बरं, आता जरा टोचणारं. स्ट्रॅकविट्झ १९६४ मध्ये ह्यूस्टनला शेनियेला पहिल्यांदा ऐकायला गेला, तेव्हा शेनियेला हवं होतं रिदम अँड ब्लूज. इंग्रजी गाणी, रेडिओवर वाजतील अशी. त्याला रे चार्ल्ससारखं मोठं व्हायचं होतं, आणि का नसावं? हा मात्र म्हणतोय, नाही, तू तुझं फ्रेंच गा, नुसतं अकॉर्डियन आणि ड्रम, जुनं जुनं गा. शेवटी तडजोड झाली. १९६५ च्या एलपीची एक बाजू याच्या मनासारखी, एक त्याच्या.

यात बरोबर कोण? मला आजही ठरवता येत नाही. स्ट्रॅकविट्झला जे आवडायचं नाही त्याला तो 'माउस म्युझिक' म्हणायचा, उंदराचं संगीत. मुळमुळीत, कुणालाही न दुखावणारं. त्याच्यावरच्या माहितीपटाचं नावसुद्धा यावरूनच आहे. हा हट्ट नसता तर शेनियेचं फ्रेंच गाणं आपल्यापर्यंत अशा रूपात पोचलं नसतं, हे खरं. पण बाहेरून आलेला एक शिकलेला गोरा माणूस, काळ्या कलाकाराला सांगतोय की तुझ्यातलं अस्सल काय ते मी ठरवतो. हेही खरंच. आपल्याकडे हा खेळ कमी चालतो का? लोककला महोत्सवात लावणीवाल्या ताईंनी नऊवारीच नेसायची, आणि सिंथेसायझर नको बरं का, ढोलकीच हवी. आणि त्याच ताईंना स्वतःच्या फडावर प्रेक्षक सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करतात आणि त्या ती गातात, कारण पोट त्यावर चालतं. कोळीगीताला डीजेचा ठोका जोडला की नाक मुरडणारे आपण. कोळीवाड्यातल्या हळदीला जाऊन बघा, तिथे काय वाजतंय आणि कोण नाचतंय.

चांगला दुकानदार म्हणजे आवडनिवड असलेला माणूस आणि आवडनिवड म्हणजे पूर्वग्रह. फक्त एवढंच, की तो समोर उभा असतो. त्याच्याशी भांडता येतं. शेनिये भांडला आणि त्याला अर्धी एलपी मिळाली. अ‍ॅपमध्ये 'तुमच्यासाठी खास' अशी यादी येते तिच्याशी कसं भांडायचं? ती यादी मुख्यतः तुमच्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी काय ऐकलं त्यावरून बनते. ज्याला फारच थोड्यांनी ऐकलंय, तो त्या यादीत शिरणार कुठून? ज्याच्या अडीचशेच प्रती आहेत, तो मॅन्स लिप्सकोम कुणाच्या यादीत येईल?

आता रॅकवर येऊ. कारण 'वर्ल्ड म्युझिक' हा जो शब्द आपण वापरतो, तो संगीताच्या शाळेत जन्मलेला नाही. तो दुकानाच्या रॅकसाठी जन्मला. जागा लंडन, इझलिंग्टनमधला एम्प्रेस ऑफ रशिया नावाचा पब. तारीख २९ जून १९८७. छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांची, रेडिओवरची, मासिकातली माणसं बिअर घेऊन बसली होती. अडचण अगदी वाण्याच्या दुकानासारखी होती. माली, बल्गेरिया, झिंबाब्वे, पाकिस्तान, अशा ठिकाणचं संगीत लोकांना आवडायला लागलंय, पण गिऱ्हाईक दुकानात गेलं की ती एलपी ठेवायची कुठे हेच दुकानदाराला कळत नाही. रॉकमध्ये नाही, जॅझमध्ये नाही. मग तो मागवतच नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून एक नाव ठरवायचं, रॅकमध्ये लावायच्या पाट्या छापायच्या. बऱ्याच नावांवर चर्चा झाली आणि 'वर्ल्ड म्युझिक' ठरलं. सगळ्यांनी वर्गणी काढली, एकूण साडेतीन हजार पौंड. जगभराच्या संगीताला एक लेबल चिकटवायचा खर्च एवढाच आला!

त्या घोळक्यात स्टर्न्स नावाच्या दुकानाची माणसंही होती. स्टर्न्सची गोष्ट वेगळा भाग करण्यासारखी आहे. लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर विजेच्या सामानाचं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि पन्नासच्या दशकापासून तिथे आफ्रिकन रेकॉर्ड्स मिळायच्या. आफ्रिकेतून शिकायला आलेली पोरं घेऊन जायची. दिवा बदलायला जा आणि हायलाइफ ऐकत परत या.

या पाटीचा फायदा झाला, तोटाही झाला. फायदा असा की पुढच्या काही वर्षांत हे संगीत खरोखर खपायला लागलं. ग्रॅमीवाल्यांनीही वर्ल्ड म्युझिकचा विभाग उघडला आणि १९९२ मध्ये त्याचा पहिला मान मिळाला 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमला. मिकी हार्टचा अल्बम, आणि त्यात आपले माहीमचे झाकीर हुसेन आणि घटमवाले विक्कू विनायकराम. तोटा असा की इंग्रजी पॉप सोडून उरलेली सगळी पृथ्वी एका खोक्यात. डेव्हिड बर्नने १९९९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखच लिहिला, मथळ्यातच सांगितलं की मला वर्ल्ड म्युझिकचा तिटकारा आहे. आणि हा माणूस स्वतः ब्राझीलचं संगीत अमेरिकेत विकत होता! २०२० मध्ये ग्रॅमीनेही 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं. पाटी बदलली, खोकं तेच.

आपल्याकडे गंमत उलटी. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं, २०१६ मध्ये बंद झालं, तुमच्यापैकी काहींनी आईबाबांबरोबर पाहिलं असेल. तिथे ऐकायला छोट्या केबिन होत्या, घेण्याआधी आत बसून ऐकायचं. आपल्याकडच्या अशा दुकानांत 'इंटरनॅशनल' म्हणजे इंग्रजी गाणी. म्हणजे लंडनच्या दुकानात लतादीदी 'वर्ल्ड'मध्ये आणि मुंबईच्या दुकानात बीटल्स 'इंटरनॅशनल'मध्ये. प्रत्येकाचं जग दुसऱ्याच्या गल्लीपासून सुरू होतं.

आणि लोकसंगीत? आपल्याकडे लोकसंगीताचं खरं दुकान असतं जत्रेत. पंढरपूरला वाटेवर, जेजुरीला, आणि सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या आसपास. पुस्तकांच्या स्टॉलना लागून कॅसेटचे, मग सीडीचे, आता पेनड्राइव्हचे स्टॉल. आमच्या घरातली अर्धी कॅसेट-पेटी तिथूनच आली होती. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डकांची गाणी. बाबा स्टॉलवाल्याला नाव सांगायचे नाहीत, नुसती चाल गुणगुणायचे. तो हात न थांबवता बरोबर कॅसेट काढायचा. एल सेरिटोच्या दुकानाचं वर्णन वाचताना मला पहिल्यांदा तो स्टॉलवालाच आठवला.

वामनदादांच्या नावावरून आता प्रकाशन हक्कांकडे येतो. यात मला खरोखर काहीतरी पणाला लागलेलं दिसतं.

मिसिसिपीतल्या कोमो गावचा फ्रेड मॅकडॉवेल, शेतीत राबलेला माणूस. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने त्याला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, काही वर्षांनी स्ट्रॅकविट्झने आरहूलीसाठी. त्याचं एक गाणं रोलिंग स्टोन्सनी उचललं आणि १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स' या अल्बमवर गायलं. 'यू गॉटा मूव्ह'. आता असं गाणं म्हटलं की सोपा रस्ता काय असतो? 'पारंपरिक' लिहायचं. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे पैसेही कुणाला नाहीत. किंवा खुबीने 'पारंपरिक, संयोजन अमुक तमुक', म्हणजे पैसे त्या अमुक तमुकला. स्ट्रॅकविट्झ वकील घेऊन मागे लागला आणि मॅकडॉवेलच्या वाट्याची रॉयल्टी मिळवली. १९७२ मध्ये मॅकडॉवेल गेला. त्याआधी चेक त्याच्या हातात पडला होता, त्याने आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा चेक.

आपल्या संतांनी आणि शाहिरांनी यावर आधीच एक उपाय काढून ठेवला होता, बघा. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव. नाममुद्रा! तुकोबांच्या अभंगात आहे, वामनदादांच्या गाण्यात आहे. गाणं कुठेही जावो, कुणीही गावो, नाव आतच शिवलेलं. पुसायचं तर यमक मोडावं लागेल. पण नाममुद्रेने नाव राहतं, पैसा येत नाही. आज अ‍ॅपवर एखादं मराठी लोकगीत उघडा आणि श्रेय बघा. गायक 'विविध कलाकार', गीत 'पारंपरिक', वाद्यमेळाचं नाव नाहीच. ज्या आजीने ते जात्यावर गायलं, जिच्याकडून कुणीतरी ते लिहून घेतलं, ती कुठे आहे?

जुन्या लोकसंगीताच्या तबकडीबरोबर पुस्तिका यायची. फोकवेज कंपनीच्या मोझेस अ‍ॅशने तर हा नियमच केला होता. कुणी गायलं, कुठे, वाद्य कोणतं, शब्दांचा अर्थ काय. १९४८ पासून त्याने दोन हजारांवर रेकॉर्ड काढल्या आणि खपो न खपो, एकही यादीतून काढली नाही. तो गेल्यावर १९८७ मध्ये स्मिथसोनियनने कंपनी घेतली ती याच अटीवर, की सगळं उपलब्ध ठेवायचं. २०१६ मध्ये आरहूलीही तिथेच गेली, साडेतीनशेहून जास्त अल्बमसकट. स्ट्रॅकविट्झने विकली ती अशाच घराला, जिथे काही 'आउट ऑफ स्टॉक' होणार नाही. म्हणून आज तुमच्या फोनवर आरहूली वाजते. आणि स्मिथसोनियन फोकवेजच्या साइटवर बऱ्याच अल्बमच्या त्या पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात, हे फार कमी जणांना माहीत असतं.

याशिवाय त्याने आयुष्यभर एक वेडेपणा केला. मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन गाण्यांच्या जुन्या तबकड्या जमवल्या, ज्यूकबॉक्सवाल्यांकडच्या घासलेल्या, बंद पडणाऱ्या दुकानांतल्या उरलेल्या. कुणाला नको होत्या तेव्हा. लाखाहून अधिक ध्वनिमुद्रणं झाली. पुढे यूसीएलए विद्यापीठाने ती डिजिटल केली. त्याला सुरुवातीचे पाच लाख डॉलर कुणी दिले माहितेय? लोस टिग्रेस देल नोर्ते या नॉर्तेन्यो बँडच्या फाउंडेशनने. ज्या संगीतावर ते मोठे झाले त्याच्या आज्या-पणज्या त्या खोक्यांत होत्या. आपल्याकडच्या कुठल्या सुपरस्टारने असं केलंय का, असा एक खवचट प्रश्न मी इथे ठेवून पुढे जातो.

त्या आज्यांपैकी एक लिडिया मेंडोझा. टेक्सासची, बारा तारांची गिटार घेऊन एकटी गाणारी. १९३४ मध्ये तिने 'माल ओम्ब्रे' रेकॉर्ड केलं. नालायक पुरुष, असा त्याचा सरळ अर्थ. ते गाणं तिला सापडलं कुठे, तर लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनावर! वेष्टनांवर गाण्यांचे शब्द छापलेले असायचे, ती ती जमवायची. स्ट्रॅकविट्झने तिच्या जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या आणि तिच्या आठवणींचं पुस्तकही तयार केलं. १९९९ मध्ये तिला अमेरिकेचा राष्ट्रीय कला सन्मान मिळाला.

स्ट्रॅकविट्झ स्वतः २०२३ च्या मे महिन्यात गेला, ९१ व्या वर्षी.

तर आता गृहपाठ. पहिलं, क्लिफ्टन शेनियेचं सेंट मार्क्सचं थेट रेकॉर्डिंग, हेडफोन लावून, आणि मागच्या पत्र्याच्या खरवडीकडे लक्ष द्या. दुसरं, लिडिया मेंडोझा. स्पॅनिश येत नसेल तरी ऐका, त्या बाईचा राग कळतो. तिसरं, मॅन्स लिप्सकोमची ती पहिली एलपी, पण रात्री, दिवा मालवून. ऐकताना गाण्याच्या नावापुढचे तीन ठिपके दाबा आणि श्रेयनामावली उघडून बघा, गीतकाराच्या जागी कुणाचं नाव लिहिलंय ते.

आणि तुमच्या गावच्या जत्रेत, उरुसात, बाजारात असा एखादा कॅसेटवाला किंवा पेनड्राइव्हवाला अजून बसत असेल तर त्याच्याशी दहा मिनिटं बोला आणि मला व्हॉइस नोट पाठवा. तो काय विकतो, लोक काय मागतात, आणि त्याचं स्वतःचं आवडतं गाणं कोणतं. रेकॉर्ड करण्याआधी त्याला विचारून घ्या, आणि नाव सांगायला त्याची हरकत नसेल तर ते नोटच्या सुरुवातीलाच सांगा. पुढच्या भागात स्टर्न्स आणि आफ्रिकन गिटार. भेटू.